माझ्या नावाचे चौदा पत्ते

माझ्या नावाने एकूण किती मेल गेले हे मला आजही नक्की माहीत नाही. त्यातला एकही मी लिहिला नव्हता, एवढं मात्र माहीत आहे. गेल्या वर्षभरात हे वाक्य मी इतक्या जणांना ऐकवलं आहे की आता ते म्हणताना माझा आवाज आपोआप चढतो. पूर्वी मला त्याची लाज वाटायची. आता वाटत नाही.

मी ज्या कारखान्यात होते तिथे प्लास्टिकचे ट्रे बनत. भोसरीच्या एमआयडीसीतली एक शेड, चार मशीन, पंचवीसेक माणसं. ट्रे म्हणजे चहाचे नव्हेत. गिअर, शाफ्ट, पंपाचे भाग एका कारखान्यातून दुसऱ्या कारखान्यात जाताना एकमेकांवर आपटले तर त्यांना चरे पडतात आणि अख्खी गाडी परत येते. म्हणून त्यांना बसायला खाचा केलेले ट्रे लागतात. प्रत्येक भागाची खाच वेगळी. तो भाग हातात घेऊन, फिरवून, त्याची कुठली कड नाजूक आहे हे विचारल्याशिवाय ट्रे होतच नाही. हे ट्रे विकायचं काम माझ्याकडे होतं.

मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. वडील एसटीच्या डेपोत हेल्पर होते. शाळा तालुक्याच्या गावातली, इंग्रजीच्या तासाला सर प्रत्येक वाक्याचा मराठीत अर्थ सांगायचे आणि आम्ही तो अर्थच पाठ करायचो. बी.कॉम. झाल्यावर ओळखीतून या कारखान्यात चिकटले. मालकांची बहीण आमच्या गावात दिलेली होती, एवढीच ओळख. पहिल्या दिवशी वडील मला सोडायला आले आणि मालकांच्या केबिनमध्ये हात जोडून उभे राहिले. "पोरगी तुमच्या पदरात टाकलीय साहेब," म्हणाले. साहेबांनी त्यांना बसवलं, चहा पाजला, आणि मला खिडकीजवळची खुर्ची आणि एक संगणक दिला. बाहेरच्या माणसांना ते माझी ओळख "आमच्या मार्केटिंग मॅडम" अशी करून देत. बावीस वर्षांच्या मुलीला मॅडम म्हणणारा माणूस मला देवासारखा वाटला. मी हे नाकारत नाही. पुढे जे झालं ते याच भावनेमुळे मी इतकं लांबू दिलं.

मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं गेलं की ओळख नसलेल्या कंपन्यांना मेल टाकायचे. याला धंद्यात कोल्ड ईमेल म्हणतात. मला धंद्याचं पत्र कसं लिहितात ते येत नव्हतं. शाळेत शिकलेला रजेच्या अर्जाचा नमुना आठवला, तो इंग्रजीत लिहिला आणि चाकणच्या एका कारखान्याच्या परचेस विभागाला पाठवला. दुसऱ्या दिवशी तिथून फोन आला. पलीकडे एक वयस्कर गृहस्थ.

"मेल तूच लिहिलास का?"

"हो सर."

"अगं, नोकरी मागतीस का माल विकतीस? 'आपली आज्ञाधारक' लिवलंय खाली."

ते हसायला लागले. म्हणाले, "ये इकडं. आमचा पार्ट बघ आदी. न बघता काय विकशील?"

मी गेले. त्यांनी मला एक पंपाची बॉडी हातात दिली आणि तिच्या तोंडाशी अंगठा फिरवायला लावला. "हितं चरा पडला की रिजेक्ट. आता लिव. पार्टचा नंबर लिव, हितं चरा पडतो त्ये लिव, आन् तू काय करणार त्ये लिव. तीन ओळी. आज्ञाधारक न्हाई लिवायचं." ते खेड तालुक्यातल्या जुन्या घरातले, राजगुरुनगरच्या पलीकडच्या गावातून रोज येणारे. निवृत्तीला दोन-तीन वर्षं राहिली असतील. आमची पहिली मोठी ऑर्डर त्यांनी दिली, आणि धंद्याचं पत्र लिहायलाही मला त्यांनीच शिकवलं. बी.कॉम.ची तीन वर्षं एका बाजूला आणि त्यांच्या टेबलासमोरचा तो अर्धा तास एका बाजूला.

त्यानंतर मी त्याच पद्धतीने काम केलं. आधी कारखान्याच्या गेटवर जायचं, आत कोणता भाग बनतो ते विचारायचं, शक्य झालं तर बघायचा, मग तीन ओळींचा मेल. दिवसाला आठ, फार तर दहा. भेटलेल्या प्रत्येक माणसाची नोंद मी एका शीटमध्ये ठेवत असे. नाव, भाग, पत्ता, आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. त्या रकान्यात मी आपल्या मराठीत, पण इंग्रजी अक्षरांत, काहीही लिहायचे. "अकराच्या आधी फोन नको." "मुलीची बारावी आहे, मार्चमध्ये बोलणार नाहीत." "चिडके आहेत पण शब्दाचे पक्के." तो रकाना माझ्या स्वतःसाठी होता. कुणाला कधी त्रास द्यायचा नाही हे त्यात लिहिलेलं असे.

चार वर्षं असं चाललं. मग साहेब हिंजवडीच्या एका हॉटेलात कुठल्याशा शिबिराला जाऊन आले आणि आल्या आल्या म्हणाले, "मॅडम, आपण फार हळू आहोत. स्केल करायचंय."

पुढच्या सोमवारी एजन्सीचा माणूस आला. माझ्याच वयाचा, बोलायला गोड. त्याने भिंतीवर चित्रं दाखवली. रोज दहा मेल जातात ते दोन हजार करायचे, आणि प्रत्येकाची माहिती बघून मजकूरही एआय, म्हणजे यंत्रच लिहिणार. एका पत्त्यावरून इतके गेले तर ते कचऱ्यात पडतात, म्हणून आमच्या कंपनीच्या नावाशी मिळतीजुळती सात नावं इंटरनेटवर घ्यायची आणि प्रत्येकावर दोन पत्ते काढायचे. ते पत्ते आधी तीन आठवडे "गरम" करायचे. म्हणजे काय, तर त्या पत्त्यांवरून दुसऱ्या तशाच पत्त्यांना यंत्रच मेल पाठवणार, यंत्रच उत्तर देणार, म्हणजे गूगलला वाटावं की इथे खरी माणसं बोलतायत.

"आणि मेल कोणाच्या नावाने?" मी विचारलं.

"तुमच्या, मॅडम! ह्यूमन टच पाहिजे ना."

असे माझ्या नावाचे चौदा पत्ते तयार झाले. एकात नावानंतर टिंब, एकात आडनाव आधी, एकात नुसतं पहिलं अक्षर. प्रत्येक मेलच्या शेवटी माझा फोटो, दसऱ्याला मशीनची पूजा झाली तेव्हा साडीत काढलेला. मला कुणी विचारलं नाही. एकदा मी त्यातला एक पत्ता उघडून पाहिला. मी कुणा अनोळखी माणसाला लिहिलं होतं की परवाची भेट छान झाली, आणि त्याने लिहिलं होतं की घरच्यांना नमस्कार सांग. तो माणूस नव्हता आणि ती भेटही झाली नव्हती. पण मी साहेबांना काय सांगणार होते? की मला कसंतरी होतंय?

एक गोष्ट मात्र बोलले. आराखड्यात सर्वांत जास्त मेल गुरुवारी जायचे होते. मी म्हटलं, "गुरुवारी आमच्या भागात सुट्टी असते. भोसरी, पिंपरी, चिंचवड, निम्मे कारखाने बंद."

"मॅडम, डेटा सांगतो गुरुवार बेस्ट आहे."

"डेटा कुठला?"

"ग्लोबल."

साहेब हसले आणि म्हणाले, "त्यांना त्यांचं काम करू दे. तू शीट देऊन टाक. सगळी दे, काही मागे ठेवू नकोस."

मी दिली. इथे मी स्वतःलाही सोडत नाही. शेऱ्याचा रकाना पुसायला मला एक मिनिट लागलं असतं. मनात आलं होतं. पण "काही मागे ठेवू नकोस" असं साहेब म्हणाले होते, आणि ज्यांनी मला खुर्ची दिली त्यांच्यापासून काही मागे ठेवणं मला कृतघ्नपणा वाटला. ती शीट तेव्हापासून सामाईक झाली. मी भोसरीत बसून लिहिलं की ते एजन्सीत दिसायचं. आणि सवयीप्रमाणे मी लिहीत राहिले.

पत्ते गरम होत होते त्याच दिवसांत, एका शनिवारी, चाकणच्या परचेसवाल्या सरांचे वडील गेले. मला सोमवारी त्यांच्या ऑफिसातून कळलं. मी शीट उघडली आणि त्यांच्या ओळीत लिहिलं, "वडील वारले. तेरा दिवस फोन नको." आमच्याकडून कुणी बिलासाठी, ऑर्डरसाठी त्यांना त्रास देऊ नये म्हणून.

पुढच्या सोमवारी एजन्सीचं यंत्र सुरू झालं. बुधवारी सकाळी आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आगीची चित्रं पडली. "फर्स्ट हॉट लीड!!" यंत्र म्हणे आलेली उत्तरं वाचून हिरवी-लाल अशी वेगळी करतं, आणि पहिलं हिरवं, म्हणजे माल घ्यायला उत्सुक गिऱ्हाइकाचं, उत्तर आलं होतं. साहेब केबिनमधून टाळ्या वाजवत बाहेर आले. "मॅडम, लागली बघा लाइन! समोरचा म्हणतो, घरी येऊन भेटा!"

मी स्क्रीनवर ते उत्तर उघडलं. इंग्रजीत एकच ओळ होती. "कृपया माझ्या घरी या आणि हे मला समोरासमोर सांगा." पाठवणारे परचेसवाले सर.

खाली त्यांना सोमवारी गेलेला मेल होता. माझ्या नावाने, माझ्या फोटोसकट. त्याची सुरुवात मराठीत सांगायची तर अशी होती: "आपले वडील वारल्यानंतर आपण तेरा दिवस फोनपासून दूर राहण्याचा निर्णय घेतलात हे कळून अतिशय आनंद झाला. इतकी एकाग्रता असलेले नेतृत्व आम्हाला प्रेरणा देते. याच एकाग्रतेने आपण आपल्या ट्रेचा विचार केला आहे का?"

सोमवार म्हणजे दहावा. माणूस नदीवर वडिलांचं पिंडदान करत होता तेव्हा त्याच्या खिशात हे येऊन पडलं होतं. आणि बुधवारी सकाळी दुसरा मेलही गेला होता, "आपलं उत्तर आलं नाही म्हणून पुन्हा आठवण करून देते."

मी साहेबांना वाचून दाखवलं. त्यांचा चेहरा उतरला, हे मी प्रामाणिकपणे सांगते. पण पाच मिनिटांत तो जागेवर आला. त्यांनी एजन्सीच्या माणसाला फोन लावून स्पीकरवर टाकलं.

"अरे, हे काय झालं?"

"सर, एआयने रिमार्क्स कॉलम पर्सनलायझेशनला घेतला. एज केस आहे, क्वचित होतं असं. मी कॉन्टॅक्ट काढून टाकतो."

"सगळं थांबवा," मी म्हटलं. "त्या रकान्यात दोनशे माणसांचं असं काही ना काही लिहिलेलं आहे."

"मॅडम, आता पॉज केलं तर तीन आठवड्यांचा वॉर्म-अप वाया जाईल."

"जाऊ द्या वाया!"

साहेबांनी स्पीकर बंद केला. "आवाज कमी. एका माणसासाठी दोन हजारांचं थांबवायचं का? मी बोलतो त्यांच्याशी. नाहीतर तूच बोल. सांग, आमची सिस्टीम हॅक झाली होती."

दुसऱ्या दिवशी गुरुवार, सुट्टी. तेरावा. मी भोसरीहून राजगुरुनगरची बस पकडली, तिथून रिक्षाने त्यांच्या गावी. रस्ताभर मी वाक्यं जुळवत होते. आयुष्यात मला एकाच माणसाने काही न मागता काम शिकवलं होतं, आणि तो माणूस मला आता दारात उभं करेल की नाही हे मला माहीत नव्हतं.

अंगणात मांडव होता. पंगत बसली होती. सर डोकं भादरलेले, पांढरा सदरा. त्यांनी मला पाहिलं. त्यांच्या शेजारी त्यांचे कुणी चुलतभाऊ होते, त्यांनीही ओळखलं. फोटो होताच ना मेलात.

"ही का ती मेलवाली?" ते मोठ्याने म्हणाले. "या या मॅडम! पान वाढा रे मॅडमला. बसा, जेवा. एकाग्र होऊन जेवा."

पंगतीतली चार-पाच माणसं हसली. म्हणजे मेल भावकीत वाचून झाला होता. मी चपला काढून तशीच सरांच्या समोर गेले.

"सर, तो मी लिहिला नाही."

"नाव तुजं हाय."

"नाव माझं आहे. लिहिला यंत्राने. पण तुमचे वडील गेले हे मीच लिहून ठेवलं होतं, कुणी तुम्हाला त्रास देऊ नये म्हणून. आणि ती शीट मीच दिली त्यांना." हॅक झाल्याचं मी बोलले नाही. त्यांच्यासमोर ते तोंडातून निघालंच नसतं.

"तू न्हाई लिवला," ते हळूच म्हणाले, "मंग तुजं नाव का हाय?"

तेवढ्यात त्यांचा मुलगा, मोठा, नोकरी करणारा, फोन हातात घेऊन पुढे आला.

"अण्णा, अजून एक आलाय. तुमच्या घरच्या मेलवर."

मी त्यांचा घरचा पत्ताही शीटमध्ये नोंदवला होता, दिवाळीच्या शुभेच्छांसाठी. एजन्सीने एक पत्ता काढला होता, दुसरा राहिला होता. आणि गुरुवार बेस्ट होता. मुलाने मला फोन दाखवला. "हा माझा शेवटचा मेल. आपल्याला हा विषय महत्त्वाचा वाटत नसावा असं समजते." खाली मी हसत उभी, साडीत.

सरांनी फोन घेतला नाही. म्हणाले, "जेवून जा. तेराव्याला आलेलं माणूस उपाशी न्हाई लावत आमी. पर पुन्यांदा माज्याकडं यायचं तर नाव काढून ये. तुजं नाव त्येंच्याकडनं काढ, मंग ये."

मी जेवले. त्या घासांची आठवण आजही नको वाटते.

शुक्रवारी कारखान्यात जाऊन मी साहेबांना सांगितलं, माझं नाव आणि फोटो काढा. मेल पाठवायचे तर कारखान्याच्या नावाने पाठवा, तुमच्या नावाने पाठवा.

"माझ्या नावाने कोण उघडणार?" साहेब म्हणाले. "बाईचं नाव असलं की लोक उघडतात. एजन्सीने दोन्ही करून बघितलंय. बाकीची चाळीस उत्तरं आलीत, ती बघ ना."

"साहेब, नाव माझं आहे."

"त्या नावाच्या शंभर पोरी असतील."

"फोटो एकीचाच आहे."

मग ते जे बोलले ते मी चार वर्षं मनातल्या मनात स्वतःला सांगत आले होते. पण त्यांच्या तोंडून ऐकलं तेव्हा ते वेगळंच वाटलं. "तुझे वडील इथे हात जोडून उभे होते. विसरलीस?"

मी विसरले नव्हते. त्या क्षणापर्यंत त्या हात जोडण्याचा मला अभिमान होता. पण माझ्या वडिलांनी माझं काम मागितलं होतं. माझं नाव कुणाला देऊन टाकलं नव्हतं. हे मी त्यांना मोठ्याने सांगितलं, इतक्या मोठ्याने की मशीनवरची माणसं दारापर्यंत आली. मला मोठ्याने भांडता येतं हे मला तोवर माहीत नव्हतं.

मग मी जागेवर बसले, माझी जुनी यादी उघडली आणि एकेकाला स्वतःच्या हाताने लिहायला सुरुवात केली. तीन ओळी. माझ्या नावाने आपल्याला जे मेल येतायत ते मी लिहिलेले नाहीत. त्यात आपल्या घरची काही गोष्ट आली असेल तर ती माझ्या नोंदीतून गेली, त्याबद्दल माफी मागते. ते पुसून टाका. एकसष्ट झाले. बासष्टाव्याला खटकन लॉगिन बंद पडलं. साहेबांनी केबिनमधून संगणकवाल्याला फोन केला होता.

मी पिशवी उचलून निघाले. वडिलांना फोन केला तर ते म्हणाले, "साहेबांना दुखवून नको यायला पाहिजे होतंस." मी त्यांनाही चिडून बोलले. त्याचं मात्र वाईट वाटतं.

मेल थांबले नाहीत. चाकणमध्ये लाकडी पेट्या बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात मला काम मिळालं. तिथून पहिला फोन मी ज्यांना केला ते माझं नाव ऐकताच म्हणाले, "ताई, आधी तुमचे रोजचे मेल बंद करा, मग बोलू." असं पाच वेळा झालं, दहा वेळा झालं. मी काम सोडून तीन महिने झाले होते आणि माझं नाव अजून तिथे कामावर होतं. माणूस गेला तरी यंत्राला कळत नाही, असं काहीजण समजुतीने म्हणतात. मला ती समजूत नको आहे. यंत्राला नाव पुरवणारा माणूस आहे, तो रोज सकाळी केबिनमध्ये येऊन उदबत्ती लावतो. त्याला सगळं कळत होतं.

चिंचवडच्या एका वकीलबाईंनी नोटीस लिहून दिली. साहेबांना आणि एजन्सीला, रजिस्टर पोस्टाने. दोन पत्रं झाली, तिसऱ्याला त्यांच्या वकिलाचं उत्तर आलं. माझं नाव, फोटो आणि चौदाही पत्ते बंद केले आहेत, आमच्या अशिलाचा हेतू वाईट नव्हता, वगैरे.

ते उत्तर घेऊन मी परचेसवाल्या सरांच्या ऑफिसात गेले. आधी फोन करून विचारलं, येऊ का. "ये," म्हणाले, बाकी काही नाही.

त्यांच्या डोक्यावर केस आले होते. मी कागद टेबलावर ठेवला. त्यांनी चष्मा लावून तो ऑर्डर तपासतात तसा ओळ न् ओळ वाचला आणि घडी करून मला परत दिला.

"निघालं तुजं नाव."

"हो सर."

"बस." मी बसले. त्यांनी आपली स्क्रीन माझ्याकडे वळवली. "ह्ये आज सकाळचं."

मेल तोच होता. तीच वाक्यांची धाटणी, तेच कळून आनंद झाला, तीच प्रेरणा. खाली दुसरंच नाव होतं. फोटोत माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान मुलगी, दोन खांद्यांवर नीट पिन लावलेली ओढणी, आणि मागे खिडकी. माझ्या खुर्चीमागची खिडकी.

"वळखतीस?"

"नाही."

"तुजं काढलं आन् हिचं बसवलं," सर म्हणाले. "काम करायची लईच सोपी पद्धत हाय राव तुमच्या सायबांची."

मला संताप आला. कित्येक महिने मी माझं नाव सोडवत होते, आणि सुटताना ते त्यांनी नुसतं बदललं होतं. मला वाटलं होतं मी काही थांबवलं. मी फक्त जागा रिकामी केली होती.

"फोन लाव तिला," सर म्हणाले. "नंबर हाय खाली. हितूनच लाव."

मी लावला. पोरगी लगेच बोलली, फार अदबीने. कुठल्या गावची ते विचारलं तर बार्शीकडचं सांगितलं. घरात पहिलीच शिकलेली. मी म्हटलं, मी तुझ्याआधी त्या खुर्चीवर होते.

"हो ताई, साहेब बोललेत तुमच्याबद्दल," ती सावधपणे म्हणाली. साहेब काय बोलले असतील ते मला कळलं.

"तुझ्या नावाने रोज जे मेल जातात ते तू वाचलेस का कधी?"

"ते एजन्सी बघते ना. आणि मला इंग्रजी एवढं... ताई, साहेब फार चांगले आहेत. मला काही अनुभव नसताना घेतलं त्यांनी."

"मला माहीत आहे," मी म्हटलं. "ते मी तुला खोटं नाही म्हणणार. तू फक्त एक मेल उघड आणि वाच. अडलं तर मला फोन कर. मी अर्थ सांगेन."

"बघते ताई," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला. ती करणार नाही असं मला वाटलं. मीही केला नसता.

संध्याकाळी पावणेसहाला, मी चाकणच्या स्टॉपवर उभी असताना, तिचा फोन आला. ती कारखान्याच्या मागच्या बाजूला येऊन बोलत होती, मशीनचा आवाज येत होता. तिने एक मेल उघडला होता. ती इंग्रजी शब्द एकेक करून वाचत होती आणि मी मराठीत अर्थ सांगत होते. दोन ओळी झाल्या. तिसऱ्या ओळीचा अर्थ सांगितल्यावर तिने तीच ओळ पुन्हा वाचली.

"ताई," ती म्हणाली, "हे मी कधी म्हटलं?"